स्नायूंचा वाफसा

रविवारी पहाटे आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढणाऱ्यांची रीघ लागते. चढताना छाती भात्यासारखी हलते, घाम निथळतो, मध्येच दगडावर टेकावं लागतं. वर पोचून पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही पोटात गेलं की शीण उतरतो. गड उतरताना तर गप्पा रंगतात, पाय आपोआप पडत राहतात. पहिल्यांदाच गड चढलेला माणूस रविवारी रात्री घरच्यांना सांगतो की पाय जरासुद्धा दुखत नाहीत. सोमवारी सकाळी मांड्या जड लागतात. मंगळवारी मात्र ऑफिसचा जिना उतरताना कठडा धरून, आडवं होऊन, एकेक पायरी उतरायची वेळ येते.

यात खरं तर तीन प्रश्न आहेत. दम लागला तो चढताना, मग दुखणं उतरतानाच का जाणवतं? कष्ट रविवारी झाले, तर कळा मंगळवारी का? आणि तिसरा प्रश्न सगळ्यांत कामाचा: त्या मंगळवारी पुन्हा व्यायाम करावा, की पाय बरे होईपर्यंत थांबावं? व्यायाम सुरू करणारे बहुतेक जण या तिसऱ्या प्रश्नापाशी अडतात. काही जण दुखण्याला न जुमानता रोज घाम गाळतात आणि महिन्याभरात खांदा किंवा गुडघा धरून बसतात. काही जण दुखणं थांबायची वाट पाहतात आणि ती वाट पाहण्यातच व्यायाम सुटतो.

लॅक्टिक ॲसिडवरचा जुना आळ

जिममध्ये कोणालाही विचारलं तर उत्तर तयार असतं: स्नायूंत लॅक्टिक ॲसिड साचलंय. या समजुतीमागे मोठी नावं आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केंब्रिजमध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाच्या दमलेल्या स्नायूंत हे आम्ल साठल्याचं दाखवलं. पुढे आर्चिबाल्ड हिल आणि ओटो मायरहोफ यांना स्नायूंवरच्या संशोधनासाठी 1922 सालचं नोबेल मिळालं. आम्ल आणि थकवा यांची सांगड लोकांच्या मनात तेव्हापासून बसली ती बसलीच.

पण हिशेब जुळत नाही. जोरदार व्यायामात रक्तातलं लॅक्टेट वाढतं हे खरं, मात्र व्यायाम थांबला की तासाभरात, फार तर दोन तासांत, ते पूर्वपदावर येतं. हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरून टाकतात. रविवारी दुपारीच संपलेली गोष्ट मंगळवारी कळा कशा आणणार? 1983 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने हा संशय पक्का केला. काही जणांना सपाट ट्रेडमिलवर पळवलं आणि काहींना उताराच्या ट्रेडमिलवर. लॅक्टेट वाढलं ते सपाटीवर पळणाऱ्यांचं. पुढचे दोन-तीन दिवस पाय दुखले ते उतारावर पळणाऱ्यांचे.

उतारावर काय घडतं

स्नायू दोन तऱ्हांनी काम करतो. पायरी चढताना मांडीच्या पुढचा स्नायू आखडतो आणि शरीर वर उचलतो. पायरी उतरताना तोच स्नायू शरीराचं वजन पेलत पेलत हळूहळू लांब होतो, नाहीतर माणूस कोसळलाच असता. भार पेलताना लांब होणं हे स्नायूला फार महागात पडतं. दमछाक कमी होते, कारण या कामाला प्राणवायू आणि ऊर्जा कमी लागते. पण एकेका तंतूवर पडणारा ताण जास्त असतो. गडावरून गप्पा मारत उतरणाऱ्याला नेमकी हीच गोष्ट फसवते.

स्नायूचा प्रत्येक तंतू हजारो बारीक खणांचा बनलेला असतो. एक मिलिमीटर लांबीत साधारण चारशे खण बसतात. प्रत्येक खणात ॲक्टिन आणि मायोसिन या दोन प्रथिनांचे धागे एकमेकांत सरकतात आणि दोन खणांच्या मध्ये एक आडवी पट्टी असते. भार पेलताना सगळे खण सारखे ताणले जात नाहीत. जे कमकुवत असतात ते जास्त ताणले जातात आणि त्यांच्या पट्ट्या विस्कटतात. स्वीडनमधल्या यान फ्रिडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये हे डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी काही जणांना उंच इमारतीचा जिना पुन्हा पुन्हा उतरायला लावला आणि नंतर त्यांच्या पोटरीच्या स्नायूचे बारीक नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. नेटक्या सरळ पट्ट्यांच्या जागी ठिकठिकाणी वाकड्यातिकड्या, पसरलेल्या पट्ट्या दिसल्या.

थिओडोर हफ या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने तर 1902 मध्येच, असं कोणतंही सूक्ष्मदर्शक हाताशी नसताना, हे उशिरा येणारं दुखणं स्नायूच्या आत काहीतरी फाटल्यामुळे येत असावं असं लिहून ठेवलं होतं. आठ दशकांनी त्याला पुरावा मिळाला.

दुरुस्ती चालू आहे

स्नायूत ही बारीक मोडतोड झाली की काही तासांत तिथे पांढऱ्या पेशी येऊ लागतात. आधी मोडलेला माल साफ करणाऱ्या, मग पुढच्या एक-दोन दिवसांत दुरुस्तीला हातभार लावणाऱ्या. त्यांच्याबरोबर पाणी येतं, थोडी सूज येते, आणि तिथल्या मज्जातंतूंची टोकं हळवी होतात. एरवी जाणवणारही नाही असा स्पर्श किंवा ताण मग दुखतो. ही सगळी जुळवाजुळव व्हायला वेळ लागतो, म्हणून दुखणं 24 ते 72 तासांत शिगेला पोचतं. मंगळवारच्या कळा हा नव्या इजेचा पुरावा नाही. शरीर कामाला लागल्याची ती खूण आहे.

याच काळात स्नायूच्या तंतूंना चिकटून निद्रिस्त पडलेल्या काही पेशी जाग्या होतात. अलेक्झांडर मॉरो यांनी 1961 मध्ये बेडकाच्या स्नायूत त्या पहिल्यांदा पाहिल्या आणि त्यांना ‘उपग्रह पेशी’ असं नाव दिलं. या पेशी वाढतात, तंतूत मिसळतात आणि त्याला नवी केंद्रकं देतात. जोडीला स्नायू नवीन प्रथिनं तयार करण्याचा वेग वाढवतो. कॅनडात 1995 मध्ये तरुणांच्या दंडाच्या स्नायूवर झालेल्या मोजणीत असं दिसलं की वजनं उचलल्यावर 24 तासांनी हा वेग नेहमीच्या दुपटीहून किंचित अधिक होता आणि 36 तासांनी जवळपास मूळ पातळीवर आला होता. सवय नसलेल्यांत तो 48 तासांनंतरही चढा राहतो असं पुढच्या प्रयोगांनी दाखवलं.

म्हणजे जिममध्ये घालवलेल्या तासात स्नायू वाढत नाही, तेव्हा त्याची झीज होते. तो वाढतो पुढच्या दोन दिवसांत, माणूस जेवत, झोपत आणि नेहमीची कामं करत असताना.

इंधनाचंही तसंच. स्टॉकहोममधल्या योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हल्टमन यांनी 1966 मध्ये स्वतःवरच प्रयोग केला. एकाच व्यायाम-सायकलच्या दोन बाजूंना बसून दोघांनी एकेका पायाने पॅडल मारले, पार थकेपर्यंत. दुसरा पाय नुसता लोंबत होता. पुढचे तीन दिवस त्यांनी पिष्टमय अन्न भरपूर खाल्लं आणि दोन्ही मांड्यांतल्या स्नायूंचे नमुने तपासले. दमलेल्या पायात ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूत साठवलेल्या साखरेचा, साठा आराम केलेल्या पायाच्या सुमारे दुप्पट झाला होता. रक्त तेच, अन्न तेच. तरीही साठा वाढला तो राबलेल्या पायातच. विश्रांतीचा हिशेब अख्ख्या शरीराचा नसतो, ज्या स्नायूने काम केलं त्याचा असतो, हे यातून फार स्पष्ट दिसतं.

वाफसा

पहिला मोठा पाऊस पडून गेला की शेतकरी लगेच शेतात औत घालत नाही. चिखलात कुळव घातला तर माती दाबली जाते आणि वाळल्यावर तिची दगडासारखी ढेकळं होतात. फार थांबलं तर ओल उडून जाते, जमीन टणक होते आणि पाऊस वाया जातो. या दोन्हींच्या मधली वेळ म्हणजे वाफसा. स्नायूंच्या बाबतीत व्यायामाची पुढची वेळ अशीच साधावी लागते. दुरुस्ती अर्धवट असताना पुन्हा तोच भार टाकला तर झीज झिजेवर चढते. उलट कित्येक आठवडे काहीच केलं नाही तर झालेली वाढ शरीर हळूहळू सोडून देतं, कारण न लागणारा स्नायू सांभाळत बसणं त्याला परवडत नाही.

आणि वाफसा प्रत्येक जमिनीचा वेगळा. हलकी मुरमाड जमीन लवकर तयार होते, काळी भारी जमीन वेळ घेते. सवय झालेल्या विशीतल्या मुलाचे दंड एका दिवसात सावरतात. पन्नाशीत पहिल्यांदा वजनं उचलणाऱ्या माणसाच्या मांड्या तीन-चार दिवस मागतात. एकाच जिमच्या भिंतीवर लावलेलं एकच वेळापत्रक दोघांना लागू करण्यात म्हणूनच अर्थ नसतो.

मग आठवड्यातून किती वेळा?

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये दिलेली मार्गदर्शक तत्त्वं यासाठी चांगला पाया आहेत. प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम करावा, जसं की भरभर चालणं. किंवा 75 ते 150 मिनिटं जोरदार व्यायाम, जसं की पळणं. शिवाय, आणि हे आपल्याकडे सर्रास विसरलं जातं, आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा. नुसती रोजची मॉर्निंग वॉक करणाऱ्यांचा अर्धाच अभ्यासक्रम पूर्ण झालेला असतो.

दोन दिवसच का? एकाच स्नायूला आठवड्यातून एकदा ताण देण्यापेक्षा दोनदा दिला तर तो जास्त वाढतो, असं ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी अनेक प्रयोग एकत्र पडताळून 2016 मध्ये मांडलं. तीन वर्षांनी त्यांनीच त्याला जोड दिली: आठवड्याचा एकूण व्यायाम तेवढाच असेल, तर तो किती दिवसांत वाटला याने फारसा फरक पडत नाही. दिवसांची विभागणी महत्त्वाची ठरते ती वेगळ्या कारणाने. आठवड्याचा सगळा कोटा रविवारी एका दमात उरकणारा माणूस शेवटच्या अर्ध्या तासात थकलेल्या स्नायूंनी, चुकीच्या ढंगात वजनं उचलत असतो, आणि गुरुवारपर्यंत त्याला नीट बसताही येत नाही.

नवख्यांसाठी आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून, सगळ्या शरीराचा व्यायाम ही सर्वांत सोपी आणि खात्रीची मांडणी आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार. मुरलेली मंडळी एक दिवस छाती आणि खांदे, दुसरा दिवस पाठ, तिसरा दिवस पाय अशी वाटणी करतात. त्यात माणूस रोज जिममध्ये दिसतो, पण प्रत्येक स्नायूला मधले दिवस सुटी मिळतेच.

चौकट : मधलं अंतर किती ठेवावं

चालणं, सायकल सावकाश चालवणं, हलकी योगासनं: रोज चालतील.
पळणं, नवख्यांसाठी: एक दिवसाआड. स्नायू लवकर सावरतात, हाडं आणि स्नायूबंध मागे राहतात.
वजनं, जोर, बैठका: त्याच स्नायूला साधारण 48 तास. सुरुवातीला किंवा साठीनंतर 72 तास लागले तरी हरकत नाही.
मोठा ट्रेक किंवा शर्यत: पुढचे तीन-चार दिवस हलकं चालणं, जोराचा व्यायाम नको.
हलकं दुखत असेल, हालचालीने कमी होत असेल: व्यायाम चालेल, भार कमी ठेवावा.
सांध्यात टोचत असेल, एकाच बाजूला दुखत असेल किंवा आठवड्यानंतरही तसंच असेल: थांबून डॉक्टरांना दाखवावं.

तालमीतले पैलवान रोज कसे घुमतात?

इथे कोणीही हरकत घेईल. कोल्हापूरच्या गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत पैलवान तर रोज मेहनत करतात, जोर-बैठका मारतात, लाल मातीत लढतात. त्यांच्या स्नायूंना 48 तास लागत नाहीत का?

लागत होते, सुरुवातीला. स्नायूंचा एक विलक्षण गुण असा की तीच मोडतोड त्यांना दुसऱ्यांदा तेवढ्या सहज होत नाही. एकदा गड उतरून मांड्या दुखल्या की दोन-तीन आठवड्यांनी तोच गड उतरल्यावर दुखणं निम्म्यावर येतं. हे संरक्षण काही आठवडे, कधी काही महिनेसुद्धा टिकतं. म्हणूनच जाणता वस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशी शंभर बैठका घालायला लावत नाही. तो आकडा चढवत नेतो. पैलवानाचं रोजचं घुमणं हे वर्षानुवर्षं हळूहळू चढवलेल्या भाराचं फळ आहे, आणि त्याच्या दिवसाचा उरलेला भाग दूध-तूप-बदामाच्या खुराकाचा, मालिशचा आणि दुपारच्या झोपेचा असतो. सकाळी तालीम करून दिवसभर लॅपटॉपपुढे बसणाऱ्या आणि रात्री एक वाजता झोपणाऱ्या माणसाने पैलवानाच्या दिनक्रमातली फक्त बैठकांची संख्या उचलली, तर त्याने अर्धंच उचललं असं म्हणावं लागेल.

भार चढवण्याची ही रीत वैद्यकशास्त्रात आली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. थॉमस डिलॉर्म हे अमेरिकी लष्करी डॉक्टर जखमी सैनिकांच्या दुबळ्या झालेल्या पायांना वजनं उचलायला लावत आणि ताकद वाढेल तसं वजन वाढवत. तोवर अशा रुग्णांना हलक्या हालचालीच पुष्कळ वेळा करायला देत असत. 1945 मध्ये डिलॉर्मनी आपली पद्धत प्रसिद्ध केली आणि आजच्या फिजिओथेरपीत तीच तत्त्वं चालतात.

विश्रांती म्हणजे पडून राहणं नाही

सुटीच्या दिवशी दिवाणावर लोळत पडलं की स्नायू लवकर सावरतात असं कोणाला वाटत असेल तर ते खरं नाही. वीस-तीस मिनिटं सावकाश चालल्याने दुखणं तेवढ्यापुरतं तरी हलकं होतं. व्यायामाआधी किंवा नंतर स्नायू ताणल्याने पुढचं दुखणं टळतं हा समज मात्र तपासात टिकलेला नाही. फरक पडतो तो नगण्य. मालिशने थोडा आराम पडतो. खेळाडूंचं पाहून बर्फाच्या पाण्यात बसण्याची टूम आता आपल्या शहरांतही आली आहे. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, प्रत्येक व्यायामानंतर गार पाण्यात बसणाऱ्यांची बारा आठवड्यांतली स्नायूंची वाढ इतरांपेक्षा कमी भरली. कारण कदाचित हे असावं: जी सूज आपण घालवायला निघतो, ती दुरुस्तीचाच भाग असते.

खरी विश्रांती दोन गोष्टींनी मिळते, झोपेने आणि जेवणाने. गाढ झोपेच्या पहिल्या टप्प्यांत वाढीचं संप्रेरक सर्वांत जास्त स्रवतं. जेवणातल्या प्रथिनांबद्दल बोलायचं तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2020 च्या शिफारशीप्रमाणे प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. नियमित ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांना याहून जास्त, साधारण 1.2 ते 1.6 ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला म्हणजे 70 ते 95 ग्रॅम. पोळी-भाजी-भाताच्या ताटात वरणाची एक पळी असेल तर हा आकडा गाठत नाही. मोड आलेली कडधान्यं, दही, दूध, पनीर, अंडी, मासे यांना ताटात रोज जागा द्यावी लागते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

लघवीचा रंग बदलला तर

एक धोका नीट माहीत असायलाच हवा. जानेवारीत नव्या उत्साहाने जिमला गेलेला, किंवा पैजेखातर एका दमात दोन-अडीचशे बैठका मारलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डॉक्टरकडे येतो. पाय सुजलेले, हलवता न येण्याइतके दुखणारे आणि लघवी चहाच्या किंवा कोकाकोलाच्या रंगाची. एवढ्या प्रमाणात स्नायू फुटले की त्यांतलं मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडांना इजा करतं. याची पहिली नीट नोंद व्यायामामुळे झालीच नाही. 1941 मध्ये लंडनवर बॉम्ब पडत असताना ढिगाऱ्याखालून जिवंत काढलेली माणसं काही दिवसांनी मूत्रपिंडं बंद पडून दगावत होती, आणि एरिक बायवॉटर्स व डेस्मंड बील या डॉक्टरांनी ते प्रकरण उलगडलं. चिरडलेला स्नायू आणि अतिश्रमाने फुटलेला स्नायू, मूत्रपिंडाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. अशी लघवी दिसली तर घरगुती उपाय करत थांबू नये, त्याच तासाला रुग्णालय गाठावं. वेळेवर सलाईन मिळालं तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात.

याच्या खालच्या पायरीवर, आठवडेन् आठवडे अपुऱ्या विश्रांतीने येणारा थकवा असतो. सकाळी उठताना नाडी नेहमीपेक्षा जलद चालते, झोप लागत नाही, चिडचिड होते, आधी सहज उचललेलं वजन जड वाटतं. अशा वेळी आठवडाभर भार निम्म्यावर आणला की बरेचदा गाडी रुळावर येते. आठवड्याच्या सुटीने कमावलेली ताकद जाईल ही भीती अनाठायी आहे. ती साधारण तीन-चार आठवडे टिकून राहते.

वयाचा प्रश्न

तरुणांसाठी व्यायाम जास्त होण्याचा धोका असतो, तर वय झालेल्यांसाठी विश्रांती जास्त होण्याचा. तब्येत चांगली असलेल्या वृद्धांना 2007 मधल्या एका अमेरिकी प्रयोगात दहा दिवस अंथरुणावर ठेवलं. तेवढ्यात त्यांच्या पायांतला जवळपास एक किलो स्नायू गेला. पडल्यावर किंवा तापातून उठल्यावर आजी-आजोबांना ‘आता महिनाभर हलू नका’ असं सांगणारी घरची माणसं प्रेमापोटीच सांगतात, पण त्या महिन्यात गेलेलं परत मिळवायला फार वेळ लागतो.

आणि ते परत मिळवता येतं. बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात मारिया फियातारोन यांनी नव्वदीच्या घरातल्या दहा जणांना आठवड्यातून तीन दिवस, मध्ये सुटी ठेवून, पायांनी वजन उचलायला शिकवलं. नऊ जणांनी तो क्रम पूर्ण केला. आठ आठवड्यांत त्यांची पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. हा अभ्यास 1990 मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा अनेकांना तो खरा वाटला नव्हता.

घरात साठीपुढचं कोणी असेल तर या आठवड्यापासून दोन वार ठरवून घ्या, मध्ये दोन-तीन दिवस सोडून. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठणं-बसणं दहा वेळा, भिंतीला हात टेकून टाचा उचलणं दहा वेळा, भिंतीवरचे जोर दहा वेळा. हृदयविकार किंवा वाढलेला रक्तदाब असेल, अथवा सांधे बदलण्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पहिल्या आठवड्यात मांड्या दुखतील. तिसऱ्या आठवड्यात दहाचे बारा करा.